ब्रेकचे पेडल पुन्हापुन्हा मऊ पडत असेल तर: ब्रेक ऑइलची निवड आणि तपासणीचा क्रम

माझे गॅरेज कन्नडजवळ आहे. चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट इथून जवळ असल्यामुळे ब्रेकची एक ठरावीक तक्रार माझ्याकडे वर्षभर येते, आणि श्रावणात वेरूळ-म्हैसमाळकडची गर्दी वाढली की तिचे प्रमाणही वाढते. मालक सांगतो की मागच्याच महिन्यात ब्रेकची एअर, म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा, काढून घेतली होती, आठ-पंधरा दिवस पेडल चांगले लागले आणि आता पुन्हा तसेच मऊ पडले आहे. अशा गाडीची एअर पुन्हा काढून देणे हा उपाय नव्हे. हवा किंवा वाफ नळीत येते कुठून, हे शोधले पाहिजे. माझ्या अनुभवात त्याचे उत्तर बहुतेक वेळा ब्रेक ऑइलच्या डबीतच सापडते: ऑइल चुकीच्या प्रतीचे असते, जुने झालेले असते किंवा कुठूनतरी हळूहळू गळत असते.

लक्षणे आधी नीट ओळखून घ्यावीत. सगळ्यात जास्त आढळणारे लक्षण म्हणजे पेडल दाबल्यावर पायाला स्पंजासारखे लागणे आणि दोन-तीन वेळा पटापट दाबल्यावर ते वर येणे. दुसरे लक्षण अधिक धोक्याचे आहे. गावातल्या रस्त्यावर ब्रेक उत्तम लागतात, पण घाट उतरताना पेडल खोल जाऊ लागते. किंवा घाट उतरून चहासाठी गाडी पाच-दहा मिनिटे उभी केली आणि पुन्हा सुरू केली की पेडल थेट तळाला टेकते. अर्ध्या-पाऊण तासाने सगळे थंड झाले की ब्रेक पूर्ववत होतात. तिसऱ्या प्रकारात पेडल स्थिर दाबून धरले तरी ते सावकाश खाली सरकत राहते. चौथ्यात उतारावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागून विझतो. डबीतील पातळी कमी असली की ऑइल एका बाजूला कलते आणि आतला तरंगता भाग खाली बसतो, म्हणून असे होते. पाचवे लक्षण फारसे कोणी ब्रेक ऑइलशी जोडत नाही, ते म्हणजे पेडल सोडल्यावरही ब्रेक पूर्ण न सुटणे आणि चाके तापणे.

याउलट पेडल दगडासारखे कडक झाले असेल तर आधी बूस्टरकडे, म्हणजे व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाकडे, आणि त्याच्या व्हॅक्यूमच्या नळीकडे पाहावे. ब्रेक मारताना पेडल थरथरत असेल तर दोष बहुधा डिस्कमध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीत असतो, आणि कर्कश आवाज तिच्यावर दाबले जाणारे पॅड संपत आल्याची खूण असू शकतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या चाकाचा कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग), पॅड किंवा टायर तपासावा. या तक्रारींवर ब्रेक ऑइल बदलून काहीही साधत नाही.

पहिली तपासणी: डबीचे झाकण आणि मॅन्युअल

या तपासणीला एक रुपयाही लागत नाही, तरी ती करून आलेला मालक मला क्वचितच भेटतो. बॉनेट उघडल्यावर चालकाच्या बाजूला, मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोराने ऑइल नळ्यांत ढकलणाऱ्या भागावर) एक अर्धपारदर्शक डबी असते. तिचे झाकण फडक्याने स्वच्छ पुसावे आणि त्यावर कोरलेली अक्षरे वाचावीत. तिथे डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते. गाडीच्या मॅन्युअलमध्येही हीच माहिती, ऑइल किती दिवसांनी बदलायचे याच्या मुदतीसह दिलेली असते. झाकण पूर्वी कोणीतरी दुसऱ्या गाडीचे बसवलेले असू शकते, म्हणून दोन्ही ठिकाणी वाचून खात्री करावी.

डॉट ही अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत आणि पुढचा आकडा त्या खात्याच्या मानकातील प्रत दाखवतो. प्रत्येक प्रतीसाठी उकळण्याची दोन किमान तापमाने ठरलेली आहेत. कोरडे तापमान नव्या, सीलबंद बाटलीतल्या ऑइलचे असते. ओले तापमान त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यानंतरचे असते. डॉट ३ साठी ही तापमाने २०५ आणि १४० अंश सेल्सिअस, डॉट ४ साठी २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. दुकानदार नेहमी पहिला आकडा सांगतात. दोन वर्षे वापरलेल्या गाडीत खरा संबंध दुसऱ्या आकड्याशी येतो, म्हणून मी ग्राहकाला तोच आधी दाखवतो.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ऑइले ग्लायकॉल कुळातील रसायनांपासून बनतात आणि एकमेकांत मिसळली तरी ताबडतोब बिघाड होत नाही. मिश्रणाचा दर्जा मात्र वरच्या प्रतीचा राहत नाही. झाकणावर डॉट ३ असेल तर सामान्यपणे डॉट ४ चालते आणि घाटात गाडी चालवणाऱ्याने ते घेणे मला योग्यही वाटते. झाकणावर डॉट ४ असताना स्वस्त मिळाले म्हणून डॉट ३ कधीही भरू नये, कारण त्या गाडीचे ब्रेक किती तापतील याचा हिशेब कंपनीने वरच्या प्रतीवर केलेला असतो. काही नव्या गाड्यांना पातळ जातीचे डॉट ४ लागते आणि त्याचा उल्लेख एलव्ही किंवा क्लास ६ असा असतो. घसरण रोखणाऱ्या ईएसपी यंत्रणेचे बारीक व्हॉल्व्ह क्षणात उघडझाप करतात; ऑइल पातळ असेल तरच ते वेळेवर पुढे सरकते. मॅन्युअलमध्ये ही जात सांगितली असेल तर साधे डॉट ४ घेऊन समाधान मानू नये.

डॉट ५ बद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असा समज आपल्याकडे पक्का आहे, आणि ५ व ५.१ यांत फरक तो काय असेल, असेही वाटते. प्रत्यक्षात डॉट ५ सिलिकॉनचे असते, बहुधा जांभळ्या रंगाचे असते आणि ते ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळतच नाही. ते पाणी शोषत नाही हे खरे. पण त्यामुळे आत शिरलेले पाणी वेगळे राहून खोलगट जागी साचते आणि तिथेच गंज धरतो. शिवाय त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे सहज अडकतात आणि लवकर निघत नाहीत, म्हणून एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या, गाडीत ते वापरत नाहीत. भारतात २०१९ च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या कारना एबीएस बंधनकारक आहे, त्यामुळे आजच्या गाडीच्या मालकाने डॉट ५ च्या बाटलीकडे वळण्याचे काही कारणच उरत नाही.

दुसरी तपासणी: डबीच्या आत काय आहे

डबीवर किमान आणि कमाल अशा दोन रेषा असतात. गाडी सपाट जागेवर उभी करून पातळी पाहावी. पॅड झिजतात तसा कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागची जागा ऑइलने भरते आणि डबीतली पातळी हजारो किलोमीटरमध्ये हळूहळू उतरते. हा दोष नव्हे. पातळी कमी दिसली की कमाल रेषेपर्यंत भरून टाकण्याची सवय दोन कारणांनी वाईट आहे: पॅड संपत आल्याची सूचना त्यामुळे झाकली जाते, आणि पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की ऑइल डबीतून बाहेर सांडते. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खाते, म्हणून सांडल्याबरोबर ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. पातळी महिन्याभरात स्पष्टपणे उतरत असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे हे निश्चित समजावे.

नवे ऑइल फिकट पिवळसर, जवळजवळ पाण्यासारखे असते. ते चहासारखे तपकिरी किंवा काळे झाले असेल तर बदलण्याची वेळ आली आहे. रंग फिकट आहे म्हणून ऑइल चांगले आहे, असा उलटा अर्थ मात्र काढू नये. मुरलेले पाणी डोळ्यांना दिसत नाही.

झाकण उघडल्यावर त्याच्या आतले रबर बोटाने पाहावे. एका गाडीचे हे रबर मला अजून आठवते. पैठणकडचे एक शेतकरी काका मुलाची कार घेऊन आले होते. ब्रेक धरून बसत होते आणि पुढची दोन्ही चाके हात लावू देत नव्हती. झाकण उघडले तर आतले रबर भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगून वेडेवाकडे झाले होते आणि परत खाचेत बसत नव्हते. पातळी कमी दिसली म्हणून घरातल्या डब्यातले ट्रॅक्टरचे तेल त्यांनी भरले होते. ते मला म्हणाले, "भाऊ, ट्रॅक्टरच्या ब्रेकाला तेलच असतंय की, मग हिला काय झालं?" त्यांच्या बोलण्यात तर्क होता. अनेक ट्रॅक्टरचे ब्रेक खरोखरच तेलात बुडालेले असतात, आणि कारच्या ब्रेकमध्ये जे भरतो त्यालाही आपण सगळे ब्रेक ऑइलच म्हणतो. पण हे नावच फसवे आहे. ब्रेक ऑइल हे खनिज तेल नाही आणि कारच्या ब्रेकमधली रबरे खनिज तेलात टिकत नाहीत. ती फुगतात, मास्टर सिलिंडरमधील परतीचे छिद्र झाकतात आणि ऑइल मागे येऊ शकत नसल्यामुळे ब्रेक दाबलेलेच राहतात. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, पॉवर स्टिअरिंगचे ऑइल या सगळ्यांचा परिणाम असाच होतो. त्या गाडीची मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतची सगळी रबरे आणि रबरी नळ्या बदलाव्या लागल्या. डबी रिकामी करून धुणे पुरत नाही, कारण तेल रबरात शिरलेले असते.

अशी शंका आली तर एक सोपी परीक्षा आहे. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात डबीतल्या द्रवाचे चार-पाच थेंब टाकून ढवळावे. ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जाते. वर तेलाचा तवंग राहिला तर डबीत परके तेल आहे, आणि मग गाडी जागेवरून हलवू नये. तो पेला पुन्हा पिण्यासाठी वापरू नये. ब्रेक ऑइल विषारी असते. ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवणे म्हणजे घरातल्या लेकरांच्या जिवाशी खेळ आहे.

तिसरी तपासणी: पायाने

ही तपासणी गाडी उभी ठेवून, चाकांना दगड लावून करावी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक लागते. आता ते मध्यम जोराने अर्धा मिनिट दाबून धरावे. ते एका जागी राहिले तर ठीक. सावकाश खाली जाऊ लागले तर ऑइल बाहेर गळते आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरावरून मागे सरकते आहे. बाहेर कुठेही ओल नसेल तर दोष मास्टर सिलिंडरचा समजावा. तसेच दाबून धरून इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली गेले की बूस्टर काम करतो आहे असे मानावे.

पटापट दोन-तीन वेळा दाबल्यावर पेडल वर येते का, आणि वर आल्यावर ते कसे लागते, हेही पाहावे. वर येऊनही ते लिबलिबीत लागत असेल तर नळीत हवा आहे. वर येऊन ठणठणीत लागत असेल तर अनेकदा हवेचा संबंध नसतो. मागच्या ड्रममधील शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग, झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात आणि ते जवळ आणणारी आपोआप चालणारी यंत्रणा धुळीने अडकलेली असते. आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या लहान कारमध्ये हे मी फार पाहतो. अशा गाडीची तीन-तीन वेळा एअर काढलेली असते आणि ड्रम एकदाही उघडलेला नसतो.

हवेमुळे पेडल मऊ का पडते, हे समजून घ्यायचे असेल तर सुई नसलेली सिरिंज पाण्याने काठोकाठ भरून तिचे तोंड बोटाने बंद करावे आणि दांडा दाबून पाहावा. तो हलत नाही. आत एक बुडबुडा राहू दिला की तोच दांडा आत जातो. ब्रेकच्या नळीत नेमके हेच घडते, आणि पायाची ताकद चाकापर्यंत पोचण्याऐवजी बुडबुडा दाबण्यात खर्च होते.

चौथी तपासणी: ओल आणि पॅड

विजेरी घेऊन चारही चाकांच्या आतल्या बाजू, रबरी नळ्यांची दोन्ही टोके आणि मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला जोडलेला असतो तो सांधा पाहावा. चालकाच्या पायाखालची चटई उचलून तिथेही हात फिरवावा. ड्रमच्या खालच्या काठावर काळपट ओल दिसली तर व्हील सिलिंडर (ड्रममधील शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) गळत असण्याची शक्यता मोठी असते, आणि तेच ऑइल शूवर पसरले की त्या चाकाचा ब्रेक जवळजवळ नाहीसा होतो. रबरी नळीला बारीक चिरा पडल्या असतील किंवा पेडल दाबताना ती फुगत असेल तर ती बदलावी. पॅडची जाडी बहुतेक गाड्यांत चाकाच्या फटीतून दिसते. २-३ मिलिमीटर उरली असेल तर पॅड बदलण्याची वेळ झालेली आहे.

पाचवी तपासणी: ऑइलचे वय

वरचे सगळे ठीक असूनही घाटात पेडल खाली जात असेल तर ऑइल शेवटचे कधी बदलले ते शोधावे. बहुतेक मालकांना हे सांगता येत नाही. ते "टॉप-अप केले होते" असे म्हणतात, पण डबीत वरून भरलेले नवे ऑइल चाकांपर्यंत पोचतच नाही. तापते ते कॅलिपरजवळचे, वर्षानुवर्षे तिथेच राहिलेले ऑइल.

ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल हवेतील दमटपणा शोषून घेते. डबीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांमधूनही थोडे थोडे पाणी आत मुरते. मराठवाडा कोरडा प्रदेश आहे म्हणून आपल्याला ही चिंता नाही, असे मला अनेक जण सांगतात. पण जून ते सप्टेंबरचे दमट चार महिने आपल्याकडेही असतात. परभणी-नांदेडच्या मे महिन्यातल्या उन्हाने ब्रेक ऑइल उकळते, ही समजूतही चुकीची आहे. हवेचे ४३ अंश तापमान १४० अंशांच्या मानाने काहीच नाही. उष्णता ब्रेकमध्येच तयार होते. माणसांसह १,४०० किलो वजनाची गाडी केवळ ब्रेकच्या जोरावर २०० मीटर खाली उतरवली तर जी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जमा होते, ती सुमारे ९ लिटर साधे पाणी उकळीला आणायला पुरेल इतकी असते. ती उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जाते. ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्यामुळे उकळबिंदू खाली आलेला असतो, आणि पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान दीड हजार पटींहून अधिक वाढते. पेडल एकाएकी तळाला जाते ते त्यामुळे.

चहासाठी थांबल्यावर पेडल नाहीसे होण्याचे कारणही यातच आहे. गाडी चालू असते तोवर वाऱ्याने डिस्क थोडी तरी निवत असते. गाडी थांबली की वारा थांबतो आणि डिस्कमध्ये साठलेली उष्णता सावकाश कॅलिपरमध्ये झिरपते. म्हणून घाट उतरल्यावर गाडी पुन्हा हलवण्यापूर्वी उभ्या जागीच पेडल दाबून पाहावे. ते खाली गेले तर तासभर थांबावे, आणि थंड झाल्यावर ब्रेक परत आले तरी गाडी दुरुस्त झाली असे समजू नये. वाफेचे पुन्हा पाणी झाले, एवढेच घडलेले असते; त्याच गाडीने पुढचा घाट उतरला की तेच पुन्हा घडेल.

पेट्रोल-डिझेल वाचावे म्हणून घाटात गाडी न्यूट्रलवर सोडणारे चालक या संकटात सर्वांत आधी सापडतात. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन पुरवठा बंद होतो, त्यामुळे न्यूट्रलने बचत होत नाही आणि इंजिनाचा रोध मात्र गमावला जातो. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरावा. आणि उतारावर पेडल खाली गेलेच तर ते पटापट दाबत राहावे, गिअर उतरवत जावे, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि इंजिन बंद करू नये, कारण बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत इंजिनावरच अवलंबून असते.

ऑइलमधील पाणी मोजणारे पेनासारखे छोटे यंत्र बाजारात मिळते. ते विजेच्या वहनावरून अंदाज देते. मी ते वापरतो, पण केवळ त्याच्या हिरव्या दिव्यावर निर्णय घेत नाही. मॅन्युअलमधली मुदत, जी अनेक गाड्यांसाठी दोन वर्षांची असते, ती उलटून गेली असेल तर ऑइल बदलावे.

सहावी पायरी: ऑइल बदलणे आणि एअर काढणे

हे काम घरी करता येते, पण दोन माणसे, योग्य मापाचा रिंग पान्हा, पारदर्शक नळी, रिकामी बाटली आणि गाडी उचलल्यावर खाली लावायचे भक्कम स्टँड असतील तरच करावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नये. ऑइल सीलबंद बाटलीतलेच घ्यावे आणि बाटली कामाच्या वेळीच फोडावी. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली झाकण घट्ट असले तरी वापरू नये, तिने एव्हाना दमटपणा शोषलेला असतो. संपूर्ण बदलासाठी साधारण एक लिटर हाताशी ठेवावे. काहीशे रुपयांच्या या खर्चात काटकसर करू नये आणि सुटे, बरणीतून ओतून दिलेले ऑइल कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

डबीतले जुने ऑइल आधी उपसून घ्यावे आणि नवे भरावे. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये असेल तो पाळावा. अनेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे, म्हणजे डावे मागचे चाक आधी घेतात. चाकाजवळच्या निपलला, म्हणजे हवा व ऑइल बाहेर काढण्याच्या छोट्या स्क्रूला, नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावे. आतल्या माणसाने पेडल सावकाश दाबून धरले की निपल उघडावा, ऑइल बाहेर आले की निपल बंद करावा आणि त्यानंतरच त्याने पेडल सोडावे. हा क्रम चुकला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मी आतल्या माणसाला "दाब", "धरून ठेव", "सोड" या तीन शब्दांशिवाय काही ऐकायचे नाही असे बजावतो. नळीतून फिकट, बुडबुडे नसलेले ऑइल येईपर्यंत हे चालू ठेवावे. दर आठ-दहा दाबांनंतर डबी पाहावी, कारण ती एकदा रिकामी झाली की मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरते आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. काही गाड्यांत क्लचही याच डबीतून चालतो हेही ध्यानात ठेवावे. जुने ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नये. बाटलीवर नाव लिहून ते गॅरेजमधल्या टाकाऊ ऑइलवाल्याकडे द्यावे.

इथे थांबावे आणि मेकॅनिकला बोलवावे

पेडल दाबून धरल्यावर खाली सरकत असेल, डबीत परके तेल गेले असेल, चाकाजवळ किंवा चटईखाली ओल असेल, किंवा लोखंडी नळी गंजलेली दिसत असेल, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत आणू नका. टो करून न्या किंवा मेकॅनिकला घरी बोलवा. निपल गंजून घट्ट बसला असेल तर जोर लावू नका. तो आत तुटला की पूर्ण कॅलिपर बदलण्याची पाळी येते. एबीएसचा पिवळा दिवा लागलेला असेल, किंवा डबी रिकामी होऊन एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल, तर पान्ह्याने ती निघत नाही. युनिटमधले व्हॉल्व्ह स्कॅनरने उघडावे लागतात. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या ब्रेकला घरी हात लावूच नये. आणि दोनदा नीट एअर काढूनही पेडल मऊच राहिले, तर तिसऱ्यांदा प्रयत्न करण्यात अर्थ नाही, कारण दोष रबरात, मास्टर सिलिंडरमध्ये किंवा ड्रममध्ये आहे आणि तो उघडून पाहण्याला पर्याय नाही.

गॅरेजमध्ये गाडी दिल्यावर मालकाने संकोच न करता तीन गोष्टी मागाव्यात: बाटलीचे सील आपल्यासमोर फोडावे, चारही चाकांतून निघालेले जुने ऑइल दाखवावे, आणि काम झाल्यावर डबीवर कागदी पट्टी चिकटवून तीवर ऑइलची प्रत व तारीख लिहावी. मी पट्टीवर किलोमीटरचा आकडाही लिहितो. त्यामुळे दोन वर्षांनी तीच गाडी दुसऱ्या गावच्या मेकॅनिकसमोर उभी राहिली, तरी त्याला मालकाच्या आठवणीवर विसंबून राहावे लागत नाही.